पायाला सुपं बांधून बर्फात

बर्फात चालायचे स्नोशू भाड्याने देणाऱ्या दुकानातल्या पोराने पहिला प्रश्न विचारला तो वजनाचा. तोही सगळ्यांसमोर, आणि वर म्हणाला की अंगावरचे कपडे, बूट, पाठीवरची सॅक सगळं धरून सांगा. मी आपलं नेहमी सांगते तेच सांगितलं, म्हणजे खऱ्यापेक्षा चार किलो कमी, तर नवरा मागून म्हणतो, "अगं खरं सांग, नाहीतर कमरेपर्यंत आत जाशील." आता स्नोशूची साईझ बुटाच्या नंबरावर नसते, वजनावर असते हे मला काय माहीत. जेवढं वजन जास्त तेवढा स्नोशू लांब, कारण त्याचं कामच मुळी ते वजन मोठ्या जागेवर पसरवायचं. भुसभुशीत बर्फात नुसता बूट टाकला की मांडीपर्यंत पाय जातो, तोच सुपाएवढा तळवा लावला की चार-सहा इंच दबतो आणि थांबतो. भातलावणीला चिखलात उतरलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

तर आम्ही कॅनडात, ओटावात. हा दुसरा हिवाळा. पहिला हिवाळा मी खिडकीच्या काचेतून बघितला, खरं सांगायचं तर रडूनच काढला, चार वाजता अंधारायला लागतं आणि बाहेर उणे वीस, माणूस करणार काय. नाशकात असताना मी दर दुसऱ्या रविवारी डोंगरात असायचे. हरिहरच्या त्या उभ्या पायऱ्या, अंजनेरी, रामशेज, कळसूबाई तर किती वेळा झालं ते मोजलं पण नाही. आणि इथे येऊन सोफ्यावर. यंदा म्हटलं बास.

आमच्या शेजारी एक फ्रेंच बोलणारे आजोबा राहतात, सत्तरी ओलांडलेली, रिटायर्ड, बायको गेली दोन वर्षांपूर्वी. आम्ही आपापसात त्यांना काकाच म्हणतो. संक्रांतीला त्यांना तिळगूळ द्यायला गेले, हे खा आणि गोड बोला असं काहीतरी तोडकंमोडकं समजावलं, त्यांनी एक लाडू तोंडात टाकला, दात सांभाळत चावला आणि विचारलं, "शनिवारी काय करताय?" त्यांच्या हॉलमध्ये भिंतीवर जुने लाकडी स्नोशू टांगलेत. मी इतके दिवस ती शोभेची वस्तू समजत होते. ॲश नावाच्या झाडाचं लाकूड वाफेवर वाकवून केलेली चौकट आणि आत कच्च्या चामड्याच्या वाद्यांची जाळी, बाजेची वीण असते ना अगदी तशी, फक्त बारीक. लांबून बघितलं तर आपलं सूप. हे इथल्या मूळ लोकांचं काम, ओटावा ज्यांच्या जमिनीवर वसलंय त्या अल्गोंक्विन लोकांचं, ह्युरॉन-वेंडाट लोकांचं, प्रत्येकाचा आकार वेगळा. घनदाट झाडीत फिरायचं तर आखूड आणि गोल, उघड्या माळावर जायचं तर लांब आणि टोकदार. युरोपातून आलेले फ्रेंच लोक हे पायाला बांधूनच हिवाळ्यात जंगलात फिरायला शिकले. फ्रेंचमध्ये स्नोशूला राकेत म्हणतात, म्हणजे टेनिसची रॅकेट तोच शब्द. रॅकेट पायाला बांधायची, झालं.

नदी ओलांडली की क्वेबेक प्रांत आणि तिथून अर्ध्या तासावर गॅटिनो पार्क. पार्क म्हणजे बागबिग नाही हं, ३६१ चौरस किलोमीटरचं जंगल, टेकड्या आणि तळी. हिवाळ्यात तिथे स्कीच्या वाटा वेगळ्या, स्नोशूच्या वेगळ्या, आणि दिवसाचा पास काढावा लागतो. काकांनी गाडीतच पहिला धडा दिला की स्कीच्या वाटेवर मशीनने दोन खोबणी पाडलेल्या असतात, त्यावर पाय टाकायचा नाही, ओलांडायची तर दोन्हीकडे बघून पटकन ओलांडायची, रस्त्यासारखी. स्कीवाल्यांच्या खोबणी तुडवणाऱ्या माणसाबद्दल ते जे बोलले ते फ्रेंचमध्ये होतं, पण सूर ओळखीचा होता, पुण्यात कुणी तुमच्या गेटसमोर गाडी लावली तर काढतात तसा.

कपड्यांबद्दल त्यांनी आदल्या दिवशी मेसेज केला होता, कॉटन नको. मी वाचला, आणि मनात म्हटलं जीन्स नको असं म्हणायचं असेल. कारण लहानपणापासून आईने डोक्यात घट्ट बसवलंय की वरती काय वाट्टेल ते घाला, पण अंगाला लागून सुतीच हवं. घाम टिपतं, अंगाला चावत नाही. तर मी आत नाशकाहून आणलेलं जाड सुती बनियन, त्यावर सुती फुल टीशर्ट, त्यावर थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर ते मोठं जॅकेट असा जामानिमा करून निघाले. नवऱ्याने थेट सेलमध्ये घेतलेलं लोकरीचं इनर घातलं, कारण तो मुळातच थंडीला घाबरतो. सांगलीचा माणूस, पंधरा अंशांना स्वेटर चढवतो.

पार्किंगला उतरलो तेव्हा उणे चौदा. वारा नव्हता, आकाश असं निळं की डोळे दुखावेत. आणि पाय टाकल्याबरोबर आवाज. थंडी फार असली की बर्फ करकरतो, कॉर्नफ्लोअरची पिशवी बोटांनी दाबल्यावर येतो ना तोच आवाज, दात शिवशिवतात असा. थंडी कमी असली की तो आवाज येत नाही, काका म्हणाले कान लावून थर्मामीटर बघायचा.

स्नोशू बांधणं ही एक वेगळीच करमणूक. हल्लीचे ॲल्युमिनियमचे नाहीतर प्लास्टिकचे असतात, मध्ये बिजागरीसारखं काहीतरी, त्यावर बुटाचा पुढचा भाग पट्ट्यांनी आवळायचा, टाच मोकळी. म्हणजे पाऊल उचललं की पुढचं टोक वर येतं आणि शेपूट मागे ओढली जाते, स्लीपर घालून चालल्यासारखं. खाली पंजाखाली लोखंडी दाते. मी ग्लोव्हज काढून पट्टे आवळायला बसले आणि दोन मिनिटांत बोटं गेली. गेली म्हणजे आहेत, पण माझी नाहीत. कसंबसं बांधलं, उभी राहिले, पहिलं पाऊल टाकलं आणि उजव्या पायाचा बकल डाव्या पायात अडकून तोंडावर. काकांनी बघितलं, हसले नाहीत, फक्त म्हणाले की डावा उजव्यात आणि उजवा डाव्यात घातलायस, बकल बाहेरच्या बाजूला यायला हवेत. हा डावा-उजवा फरक असतो ते दुकानातल्या पोराने सांगितलंच नव्हतं, वजन मात्र बरोबर विचारलं. परत सोडा, परत बांधा, परत बोटं गेली.

आमचं ठरलं होतं 'मीच लेक' (Meech Lake) नावाच्या तळ्याच्या बाजूला एका जुन्या कारखान्याच्या अवशेषांपर्यंत जायचं. जाऊन येऊन तीन-चार किलोमीटर. मी मनात म्हटलं एवढंच? हे तर आम्ही चहाच्या आधी करतो. तो माज साधारण दोनशे मीटर टिकला.

कारण चालच वेगळी आहे. पाय थोडे फाकवून टाकावे लागतात, नाहीतर आपणच आपल्या शेपटीवर पाय देतो. आणि प्रत्येक पाऊल जरा जास्त उचलावं लागतं. मांडीच्या आतल्या बाजूचे असे काही स्नायू जागे झाले की ते मला आहेत हेच माहीत नव्हतं. चढावर पायाचा पुढचा भाग बर्फात लाथ मारल्यासारखा रोवायचा, मग दाते धरतात आणि त्यावर उभं राहायचं, ती एक पायरी. आडवं तिरकं जायला गेलं की स्नोशू कलंडतो, त्यामुळे सरळ चढायचं, सरळ उतरायचं. उतरताना आपण घसाऱ्यावर टाच रोवून मागे झुकतो ना, ती सवय इथे नडली, शेपटावर सगळा भार गेला आणि मी बसल्या बसल्या दहा फूट खाली. नवरा मागून "अगं अगं अगं" करत आला आणि बाजूला तसाच बसला. तो मुद्दाम की घसरून ते अजून कबूल करत नाहीये.

आणि मागे जायचं नाही. हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. स्नोशू घालून उलटं पाऊल टाकायचं नाही. मला नवऱ्याचा फोटो काढायचा होता, फ्रेममध्ये झाड पूर्ण यावं म्हणून एक पाऊल मागे टाकलं, शेपूट बर्फात घुसली आणि मी पाठीवर, वाटेच्या कडेला, जिथे कुणी तुडवलेलं नव्हतं. तिथे हात टेकवायला गेले तर हात खांद्यापर्यंत आत. टेकायला काही नाहीच! पाण्यात बुडताना जसं वाटत असेल तसं, फक्त कोरडं. उलटं पडलेल्या कासवासारखी मी आकाश बघत होते आणि वरून हेमलॉकच्या फांदीवरचा बर्फ बरोबर मानेत पडला. काका शांतपणे म्हणाले, आधी पोटावर वळ, मग गुडघ्यावर ये, दोन्ही काठ्या आडव्या एकत्र ठेव आणि त्यावर हात टेकव. आलं जमून. वळायचं असेल तर छोटी छोटी पावलं टाकत गोल वळसा घ्यायचा, बैलगाडीसारखा.

त्या पडण्याचा एक फायदा झाला. नाक बर्फाच्या लेव्हलला असल्यामुळे मला ठसे दिसले. पुढे दोन लांबट मोठे आणि मागे दोन छोटे. काका म्हणाले ससा, आणि मोठे ठसे पुढचे वाटतात पण ते मागच्या पायांचे आहेत, उडी मारताना मागचे पाय पुढच्यांच्या पुढे जाऊन पडतात. याचं नावच स्नोशू हेअर. उन्हाळ्यात तपकिरी, हिवाळ्यात पांढरा, आणि मागचे पंजे अंगाच्या मानाने भलतेच मोठे, पसरट, केसाळ. आम्ही भाड्याने आणलं ते याला जन्मतः. त्याचे ठसे बर्फावर जेमतेम उमटले होते, त्याच्या शेजारी माझा खड्डा म्हणजे जेसीबीने काढलेला.

झाडं तशी उघडी. मेपल, बर्च सगळे काटकुळे. फक्त बीचच्या कोवळ्या झाडांवर मागच्या वर्षीची पानं तशीच, वाळून कागदासारखी पातळ, फिकट बदामी रंगाची, आणि जरा झुळूक आली की नुसती फडफडतात. बाकी एवढं जंगल आणि आवाजच नाही. आपल्याकडे जंगल म्हणजे कायम काहीतरी किरकिरत असतं. इथे थांबलं की स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येतं.

आता मुख्य गोष्ट. चढ संपता संपता मी घामाने निथळत होते. उणे चौदामध्ये! मला तर आनंदच झाला, म्हटलं बघा, मला थंडी वाजत नाहीये, मी जॅकेटची चेन पण उघडली नाही. काका दर दहा मिनिटांनी थांबून एक कपडा कमी करत होते, सुरुवात तर त्यांनी नुसत्या पातळ जॅकेटमध्ये कुडकुडत केली होती. त्यांचं म्हणणं, गाडीपाशी उभं असताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे, तिथे उबदार वाटत असेल तर कपडे जास्त झाले. मी मान डोलावली आणि काहीही केलं नाही.

अवशेषांपाशी पोचलो. एका ओढ्याच्या काठावर दगडी भिंती उभ्या, छप्पर नाही, खिडक्यांच्या जागी नुसती भोकं आणि प्रत्येक भोकाच्या खालच्या कडेवर फूटभर बर्फाची उशी. बाजूला धबधबा, अर्धा गोठलेला, बर्फाच्या पडद्याआडून पाणी वाहतंय, आवाज दबका, शेजारच्या खोलीत नळ चालू असल्यासारखा. काकांनी हात आडवा केला, यापुढे नाही. वाहत्या पाण्यावरचा बर्फ वरून कितीही छान दिसला तरी आतून पोकळ असतो, तळ्याच्या मध्यावर लोक बिनधास्त चालतात पण ओढा जिथे तळ्याला मिळतो तिथे नाही.

हा कारखाना थॉमस विल्सन नावाच्या माणसाचा. लोक त्याला कार्बाईड विल्सन म्हणायचे. हा गडी १८९२ साली अमेरिकेत ॲल्युमिनियम करायला गेला आणि झालं भलतंच, कॅल्शियम कार्बाईड. त्यावर पाणी टाकलं की ॲसिटिलीन गॅस, आणि गॅस पेटवला की लख्ख उजेड. मी आणि नवरा एकमेकांकडे बघायला लागलो, कारण आमच्यासाठी कार्बाईड म्हणजे आंबे! बंदी असली तरी पेटीत पुड्या घालून पिकवलेले, वरून पिवळेधमक आणि आतून आंबट. आणि नवऱ्याचे आजोबा सांगायचे ते कार्बाईडचे दिवे, जत्रेत खेळण्यांच्या आणि भजीच्या गाड्यांवर असायचे, त्यांचा तो उग्र वास. तर त्या वासामागचा माणूस इथे, मीच लेकच्या काठी बर्फात. या माणसाने पुढे इथे १९११ च्या सुमाराला खताचे प्रयोग करायला हा कारखाना आणि धरण बांधलं, त्यात पैसा बुडाला, आणि १९१५ मध्ये वारला. तळ्याकाठचं त्याचं घर अजून आहे, क्वेबेकने कॅनडाची राज्यघटना मान्य करावी म्हणून केलेला १९८७ चा तो प्रसिद्ध मीच लेक करार त्याच घरात ठरला, जो पुढे तीन वर्षांत बारगळला. मी काकांना आंब्याचं सांगितलं. ते म्हणाले, फळ पिकवायला? आणि बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले.

हे सगळं ऐकत आम्ही दहा मिनिटं उभे होतो. आणि मला थंडी वाजायला लागली. आधी पाठीतून, मग पोटातून, मग दात. साधी थंडी नव्हती ती, आतून कुणीतरी गार पाण्याचा नळ सोडल्यासारखं. मी उड्या मारल्या, हात चोळले, काही उपयोग नाही. काकांनी विचारलं आत काय घातलंयस? मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, उघडले, सॅकमधून एक प्लास्टिकची पिशवी काढली, त्यात घडी केलेला एक लोकरीचा शर्ट, आणि भिंतीकडे बोट दाखवलं.

तर मंडळी, मी उणे चौदामध्ये एका पडक्या कारखान्याच्या भिंतीआड, नवरा पाठ करून जॅकेट आडवं धरून उभा, अशा अवस्थेत सुती बनियन बदललं. जे अंगातून काढलं ते पिळलं असतं तर वाटीभर पाणी निघालं असतं. खाली बर्फावर ठेवलं आणि शर्ट घालून, बटणं लावून उचलायला गेले तर त्याला बाह्यांसकट आकार आलेला, पापडासारखं कडक! तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आपण उन्हाळ्यात माठाला ओलं फडकं गुंडाळतो, का, तर पाणी आत गार राहावं म्हणून. मी सकाळपासून स्वतःचा माठ करून फिरत होते. आई चुकीची नाही, नाशकाच्या मे महिन्यात सुती तेच करतं आणि तेच हवं असतं. लोकर ओली झाली तरी ऊब सोडत नाही, आणि तो शर्ट घातल्यावर पाच मिनिटांत दात वाजायचे थांबले. जरा चावत होता. चावू दे.

मग खाणं. नवऱ्याने आणलेला चॉकलेट बार दगड झाला होता, दाढेत धरून पण तुटेना. पाण्याच्या बाटलीचं तोंड गोठलेलं, कारण ती उलटी ठेवायची असते, गोठायला वरून सुरुवात होते म्हणजे मग बर्फ तळाला होतो आणि झाकण मोकळं राहतं, हे पण नंतर कळलं. पण गुळपोळ्या! संक्रांतीच्या उरलेल्या चार पोळ्या मी फॉईलमध्ये गुंडाळून आणल्या होत्या, त्यावरचं तूप पांढरं थिजलेलं, आणि पोळी अशी खुसखुशीत की कडाकडा मोडली, आत तिळाचं सारण मात्र नरम. काकांनी दीड खाल्ली. त्यांच्या थर्मासमधला चहा, दूध नाही, साखर नाही, पण वाफ होती. मधेच एक इवलासा पक्षी, काळी टोपी घातलेला, चिकडी म्हणतात त्याला, माझ्या काठीच्या मुठीवर येऊन बसला, वीतभर अंतरावर, माझ्याकडे आणि पोळीकडे आळीपाळीने बघत. काका म्हणाले द्यायचं नाही, पार्कात सवय लावायची नाही. हा पक्षी इथला हिवाळा सोडून जात नाही, रात्री स्वतःच्या अंगाचं तापमान कित्येक अंशांनी खाली उतरवतो, तेवढीच शक्ती वाचते, आणि दिवसा झाडाच्या सालींत लपवून ठेवलेलं बी कुठे ठेवलंय ते बरोबर आठवून काढतो. मला फ्रीजमध्ये कोथिंबीर कुठे ठेवली ते आठवत नाही.

परतताना साडेतीन वाजले होते. पावणेपाचला सूर्य मावळतो आणि डोंगराआड त्याच्याही आधी, त्यामुळे काकांनी रेंगाळू दिलं नाही. नवऱ्याचा फोन चाळीस टक्क्यांवरून सरळ बंद पडला, माझा मी आतल्या खिशात अंगाशी ठेवला होता म्हणून वाचला. यावेळी मी चढाच्या आधी चेन उघडली, फ्लीस काढून सॅकला बांधली आणि मुद्दाम हळू चालले, इतकं हळू की हरिहरवर कुणी असं चाललं असतं तर मी त्याला ओव्हरटेक करून वर नाक मुरडलं असतं. घाम येऊ द्यायचा नाही हेच एक काम. बर्फ निळा व्हायला लागला होता, खरंच निळा, सावल्या पण निळ्या, आणि आमच्या सकाळच्या पावलांचे खड्डे आता कडक झाले होते. माझं पडलेलं कासव पण तिथेच होतं, हातपाय पसरून. त्याच्यावरून आता सशाची एक नवी रांग गेली होती.

पुढच्या वेळी पार्कातल्या एखाद्या केबिनपर्यंत जायचं ठरलंय, हिली नाहीतर केओगन, आत लाकडाची शेगडी असते, लोक तिच्याभोवती ग्लोव्हज वाळत घालून बसतात म्हणे.

दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मी दोन्ही हातांनी कठडा धरून आडवी आडवी उतरत होते. काकांचा शर्ट धुऊन परत द्यायला गेले तर त्यांनी घेतला नाही, शनिवारी घाल म्हणाले. संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला. फोटो बघून आधी ओरडली, मग मावशीला दाखवला, मग परत ओरडली. आणि मग विचारलंच, "अगं पण आत सुती होतं ना अंगाला?"

"हो गं, सुतीच होतं."

"मग? वाजली का थंडी?"

"छे गं, अजिबात नाही."

"मी सांगत होते," आई म्हणाली, आणि मावशीकडे वळून बघितलं.